नोटेवरची लाल ओळ

पाच रुपयांची एक जुनी नोट समोर धरा. सहाव्या जॉर्ज राजाचं चित्र आहे, रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचं नाव आहे. धारकाला पाच रुपये देण्याचं वचन आहे आणि त्या वचनाखाली बँकेच्या तेव्हाच्या गव्हर्नरांची, सी. डी. देशमुखांची, म्हणजे आपल्या चिंतामणरावांची सही आहे. इथपर्यंत सगळं ओळखीचं. पण नोटेवर आणखी एक मजकूर आहे. लाल शाईतला, मूळ नक्षीशी काही नातं नसल्यासारखा: ‘मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा’ आणि त्याला जोडून ‘लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली’. ब्रह्मदेशाचं लष्करी प्रशासन. कायदेशीर चलन फक्त ब्रह्मदेशात.

नोट भारताची, छपाई नाशिकरोडची, सही रोह्याच्या देशमुखांची. तरीही ती घेऊन १९४५ साली कुणी मुंबईच्या भुलेश्वरात खरेदीला गेलं असतं, तर दुकानदाराला ती घेण्याचं कायद्याचं बंधन नव्हतं. रंगूनच्या बाजारात मात्र होतं.

मी ही नोट पहिल्यांदा पाहिली ती एका नाण्यांच्या प्रदर्शनात, काचेखाली. तेव्हा वाटलं, कुणी नंतर शिक्का मारला असेल. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की त्या दोन ओळींमध्ये पैशाबद्दलची एक फार मूलभूत गोष्ट उघड्यावर आली आहे. एरवी ती झाकलेली असते. नोट म्हणजे कुणाचं तरी देणं असतं, आणि ते देणं कुणाचं व कुठपर्यंतचं, हे बदलायला कधीकधी चार शब्दांची शाई पुरते. ते कसं, हे सावकाश पाहू.

आधी ओव्हरप्रिंट म्हणजे काय ते. छापून पूर्ण तयार झालेल्या नोटेवर किंवा तिकिटावर पुन्हा एकदा छापणं, एवढाच त्याचा अर्थ. जुनी पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना हे नवीन नाही. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटावर ‘ग्वाल्हेर’ छापलं की ते त्या संस्थानचं तिकीट होई. नोटेचंही तसंच. चांगली नोट एका दमात छापली जात नाही. रंगीत पार्श्वभूमी, मुख्य नक्षी, आणि सर्वांत शेवटी क्रमांक, असे टप्पे असतात. खिळे छपाईच्या काळात ज्याने छापखाना पाहिला आहे त्याला कळेल की तयार कागदावर दोन ओळी चढवणं हे यातलं सगळ्यांत सोपं काम. खिळे जुळवायचे किंवा छोटा ब्लॉक करायचा, फर्म्यात कसायचा आणि कागद पुन्हा मशिनीतून काढायचा. नवी नोट मात्र अशी होत नाही. चित्र काढा, धातूच्या पाट्यांवर कोरा, पाणचिन्हाचा कागद मागवा. त्याला महिनेच्या महिने जातात, आणि तो कागद त्या काळी समुद्रापलीकडून इंग्लंडहून यायचा. युद्धात बोटी बुडत असताना वेळ आणि कागद या दोन्हींची टंचाई होती.

म्हणजे पहिलं कारण घाईचं. हाताशी आहे त्यावर भागवायचं. पण तेवढंच असतं तर नोट तशीच का नाही चालवली? पाच रुपये म्हणजे पाच रुपयेच राहणार होते, ना आकडा बदलला ना नाव. मग लाल ओळ कशाला?

त्यासाठी चेक आठवा. बेअरर चेक ज्याच्या हातात असेल त्याला बँकेत पैसे मिळतात. त्याच चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहिलं की कागद तोच राहतो, रक्कम आणि सही तीच राहते, पण पैशाची वाट बदलते. आता तो खिडकीवर वटत नाही, खात्यातूनच जावा लागतो. ओव्हरप्रिंटची लाल ओळ ही नोटेवर मारलेली तशीच रेघ. किती हे ती सांगत नाही. कुठे, आणि कुणाच्या जबाबदारीवर, हे सांगते.

ब्रह्मदेशाला रुपया चालायचाच का, हेही बघायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. टिळकांना १९०८ साली मंडालेला पाठवलं ते सरकारच्या लेखी परदेशात नव्हतं. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. उलट दिशेने ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ पासून रत्नागिरीत अडकवून ठेवलेला होता आणि १९१६ साली तिथेच वारला. मंडाले आणि रत्नागिरी या दोन्ही गावी बाजारात रुपयाच चाले. थिबाचे वडील मिंडोन राजे यांनी स्वतःचं चांदीचं नाणं पाडलं होतं, त्यावर पिसारा फुलवलेला मोर होता. तेही रुपयाच्याच तोडीचं. राज्य गेलं तसा मोरही चलनातून गेला. हा मोर पुढे पुन्हा येणार आहे.

नोटेला भौगोलिक कुंपण घालणं हीसुद्धा युद्धात निघालेली युक्ती नव्हे. १८६१ च्या कायद्याने नोटा काढायचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला तेव्हा देशाची ‘सर्कल’ पाडली होती. मुंबई सर्कलची नोट कलकत्त्यात कायदेशीर चलन नव्हती. का, तर नोटेच्या बदल्यात चांदीचे रुपये मोजून द्यावे लागत. सगळीकडच्या नोटा एकाच शहरात येऊन धडकल्या तर तिथल्या खजिन्यात तेवढी चांदी कुठून आणायची, ही भीती होती. १९०३ साली पाच रुपयांची नोट देशभर चालेल असं ठरलं, तेव्हाही ब्रह्मदेशाच्या नोटांना त्यातून वगळलं होतं. ती अडचण १९०९ साली दूर झाली. हे तपशील मी मुद्दाम देतो आहे, कारण ‘आपली नोट देशभर चालते’ हे आपल्याला हवापाण्यासारखं वाटतं. ते तसं व्हायला पन्नास वर्षं लागली होती.

मग १ एप्रिल १९३७. ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा केला गेला. राज्यकारभार वेगळा झाला तरी रुपया चालूच राहिला आणि दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली रिझर्व्ह बँकच तिकडचीही मध्यवर्ती बँक राहिली. ब्रह्मदेशासाठी वेगळ्या नोटा काढायच्या होत्या, पण त्या तयार नव्हत्या. तेव्हा पाचव्या जॉर्जच्या चित्राच्या, भारत सरकारच्या जुन्या नोटांवर ‘लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली’ छापून वेळ मारून नेली. पाच, दहा आणि शंभराच्या नोटा अशा निघाल्या. पुढच्या वर्षी खास ब्रह्मदेशाच्या नोटा आल्या. नाव रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचं, राजा सहावा जॉर्ज, लिपी ब्रह्मदेशाची आणि सोबत मोर. मिंडोनचा मोर नाशिकच्या छापखान्यातून परत रंगूनला गेला, असं म्हणायला हरकत नाही.

पण तो फार दिवस टिकला नाही. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं. लाखो भारतीय आराकान आणि मणिपूरच्या डोंगरांतून चालत मायदेशी निघाले. कितीजण वाटेतच गेले. जपान्यांनी आपल्या नोटा आणल्या. त्यांवर ‘द जॅपनीज गव्हर्नमेंट’ छापलेलं आणि मूल्य रुपये व सेंटमध्ये. आपल्या आण्यांऐवजी सेंट. नोटेवर ‘बी’ हे अक्षर, बर्मा या नावाचं. आणि क्रमांकच नाही. बारकाईने बघितलं तर ही सगळ्यांत बोलकी गोष्ट आहे. नोटेवर क्रमांक घालायचा म्हणजे आपण किती नोटा काढल्या याचा हिशोब ठेवायचा. ज्याला हिशोब ठेवायचाच नाही त्याला क्रमांक लागत नाही, नुसतं अक्षर पुरतं. नोटा वाढत गेल्या आणि वस्तू नाहीशा होत गेल्या. त्याचा शेवट काय झाला ते सांगायला नको.

१९४५ मध्ये ब्रिटिशांची चौदावी आर्मी इंफाळकडून खाली उतरली. तिच्यात भारतीय सैनिकच जास्त होते, मराठा पलटणीचे जवानही होते. मार्चमध्ये मंडाले आणि मेच्या सुरुवातीला रंगून परत घेतलं. आणि फौजेपुढे एक प्रश्न उभा राहिला. तो लढाईइतका चित्तथरारक नाही, म्हणून त्याबद्दल कमी बोललं जातं. रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुराला, नावाड्याला, भाजी विकणाऱ्या बाईला पैसे कशात द्यायचे?

जपानी नोटा ब्रिटिशांनी रद्द ठरवल्या. बदल्यात काहीही दिलं नाही. तीन वर्षं ज्याने भात विकून तेच कागद साठवले त्याच्या हाती एका दिवसात रद्दी आली. हे वाचताना मला नेहमी थांबायला होतं. त्या शेतकऱ्याने कुठलं चलन वापरायचं ते निवडलं नव्हतं. दोन्ही वेळा ते त्याच्यावर लादलं गेलं होतं. पण देशातला पैसा असा एका फटक्यात शून्यावर आणला की त्याच दिवशी दुसरा पैसा हजर लागतो. नाहीतर बाजार उघडत नाही. कुणी मजुरीला येत नाही. युद्धापूर्वीच्या मोराच्या नोटा होत्या, त्या पुन्हा बाहेर आल्या. पण तेवढ्याने भागणारं नव्हतं.

हाताशी होत्या भारतीय नोटा. सहज सुचणारा उपाय हाच की त्याच नोटा तिकडे न्या आणि वाटा. तो का केला नाही, हे समजून घेतलं की ओव्हरप्रिंटचं कोडं सुटतं.

रिझर्व्ह बँक नोट काढते तेव्हा तिच्या ताळेबंदात त्या नोटेची नोंद देणं म्हणून होते. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच किमतीचं काहीतरी, म्हणजे सोनं, रोखे, नाणी, ठेवावं लागतं. युद्धात ब्रिटनने भारतातून धान्य, कापड, माणसं, सगळं उचललं. त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत आणि त्या जमेच्या आधारावर इथे रुपये छापले जात. ऑगस्ट १९३९ मध्ये देशात सुमारे १८० कोटींच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपत आलं तेव्हा तो आकडा अकराशे कोटींच्या वर होता. नोटा सहापट झाल्या, धान्य काही सहापट झालं नाही. १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच काळातला. लंडनला साठलेल्या त्या पौंडांचं काय, हा प्रश्न घेऊन चिंतामणराव देशमुख १९४४ साली ब्रेटन वूड्सच्या आंतरराष्ट्रीय अर्थपरिषदेत भारताच्या शिष्टमंडळातून बसले होते.

अशा वेळी ब्रह्मदेशात साध्या भारतीय नोटा वाटल्या असत्या तर काय झालं असतं? ओस पडलेल्या बाजारात खरेदी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्या नोटा व्यापाऱ्यांच्या पिशव्यांतून, सैनिकांच्या खिशांतून, चोरवाटांनी सरळ भारतात आल्या असत्या आणि इथल्या आधीच महागलेल्या तांदळाच्या आणि कापडाच्या मागे लागल्या असत्या. त्या प्रत्येक नोटेचं देणं रिझर्व्ह बँकेचं झालं असतं. ब्रह्मदेशाच्या लष्करी प्रशासनाचा खर्च, आणि भार भारतातल्या माणसावर.

लाल ओळीने ही परतीची वाट बंद केली. ‘फक्त ब्रह्मदेशात’ म्हटल्यावर ती नोट भारतात आणून उपयोग नाही. आणि ‘मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा’ म्हटल्यावर ती काढणारा वेगळा झाला. नोटेवर आता दोन वचनं एकावर एक आहेत. खाली देशमुखांच्या सहीचं, वर लष्करी प्रशासनाचं. नंतरचं वचन आधीच्यावर मात करतं, अगदी चेकवरच्या तिरप्या रेघांसारखं. एक, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा अशा निघाल्या. यातली एक रुपयाची नोट आणखी निराळी आहे. तिच्यावर मुळात वचनच नाही. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक नव्हे, सरकार काढतं, आणि कायद्याच्या दृष्टीने ती कागदी नाणंच मानली जाते. म्हणून तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, अर्थ सचिवांची सही असते. त्या काळच्या नोटेवर ती सी. ई. जोन्स यांची आहे.

ती एक रुपयाची नोट तरी कशी जन्माला आली? तीही टंचाईतूनच. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, लोक घाबरले आणि चांदीचे रुपये घरोघर गाडग्यांत गेले. सरकारने त्याच वर्षी एक रुपयाची नोट काढली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. पुढे तांबंही वाचवायचं म्हणून १९४३ पासून पैशाला मधोमध भोक पाडलं. तो भोकाचा पैसा अजून कुणाकुणाच्या घरी करगोट्यात किंवा देव्हाऱ्यात सापडतो. पहिल्या महायुद्धातही हेच घडलं होतं: १९१७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात एक रुपयाची नोट आली आणि त्याच वर्षी पलीकडे गोव्यात बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेने चार आणि आठ टांगांच्या (टांगा हे तिथल्या रुपयाखालचं सुटं चलन) नोटा काढल्या. युद्ध सुरू झालं की धातू दडतो आणि कागद पुढे येतो.

ब्रह्मदेशाच्या नोटेत दोन हेतू गुंतले आहेत, टंचाई आणि कुंपण. ते सुटे सुटे पाहायचे तर त्याच युद्धातली दोन बेटं पाहावी.

पहिलं हाँगकाँग. ८ डिसेंबर १९४१ ला जपानने हल्ला केला आणि नाताळच्या दिवशी शहर पडलं. मधल्या अडीच आठवड्यांत एक डॉलरच्या नोटांची चणचण झाली. शहरात बँक ऑफ चायनाच्या पाच युआनच्या नोटा पडून होत्या. सरकारने त्यांवर लाल अक्षरात, इंग्रजीत आणि चिनीत, ‘हाँगकाँग सरकार, एक डॉलर’ असं छापून त्या चालवल्या. इथे नोट काढणारा बदलला, चलनाचं नाव बदललं आणि आकडाही बदलला. मूळ नोटेतलं एकही वचन शिल्लक नाही. फक्त चांगला छापलेला कागद हवा होता, तो घेतला. घरात वही नसली की लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडतो, तसं. हे शुद्ध टंचाईचं उदाहरण.

दुसरं हवाई. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा हवाई अमेरिकेचं राज्य झालेलं नव्हतं, ताब्यातला प्रदेश होता. तिथे नोटांची टंचाई नव्हती. उलट डॉलर फार होते आणि तीच चिंता होती. जपानी उतरले तर कोट्यवधी खरे डॉलर त्यांच्या हाती लागतील आणि जगात कुठेही ते खपतील. जानेवारी १९४२ मध्ये लष्करी गव्हर्नर डेलोस एमन्स यांनी हुकूम काढला: साध्या नोटा परत करा, माणशी दोनशे डॉलर आणि धंद्याला पाचशे डॉलर यापेक्षा जास्त रोख ठेवायची नाही. उन्हाळ्यात नव्या नोटा आल्या. पुढच्या बाजूला दोन्ही कडांना उभं, लहान अक्षरात ‘हवाई’, आणि मागच्या बाजूला नोटभर पसरलेलं, पोकळ अक्षरांतलं मोठं ‘हवाई’. मोहर निळ्या किंवा हिरव्याऐवजी तपकिरी. १, ५, १० आणि २० डॉलर. बेटं शत्रूच्या हाती गेली तर वॉशिंग्टनला एवढंच म्हणायचं होतं, की हवाई लिहिलेली नोट आजपासून बाद. १५ ऑगस्ट १९४२ पासून बेटांवर दुसरी नोट चालवायला बंदी झाली.

मग परत आलेल्या सुमारे वीस कोटी डॉलरचं काय करायचं? जहाजाने मुख्य भूमीवर पाठवणं धोक्याचं. त्या जाळायचं ठरलं. आधी होनोलुलूतल्या नुआनू इथल्या दहनभूमीच्या भट्टीत जाळायला सुरुवात केली. ती पुरेना, म्हणून आयेआच्या साखर कारखान्याच्या भट्टीत. अर्धवट जळालेला एखादा तुकडाही उडून बाहेर जाऊ नये म्हणून धुराड्यावर बारीक जाळी बसवली होती. ही जाळी मला फार महत्त्वाची वाटते. ज्या वस्तूचं मोल फक्त तिच्यावर छापलेल्या शब्दात आहे ती वस्तू नष्ट करताना किती काळजी घ्यावी लागते! उसाची चिपाडं जाळताना कुणी धुराड्याला जाळी लावत नाही.

तर हाँगकाँगमध्ये नुसती टंचाई, हवाईत नुसतं कुंपण. ब्रह्मदेशात दोन्ही. आणि ब्रह्मदेशाच्या बाबतीत कुंपणाच्या अलीकडे आपण होतो, म्हणून तो मला जास्त जवळचा वाटतो.

आता नोट हातात घेऊन पाहायची वेळ. अशा नोटा जमवणाऱ्यांत एक दुखणं नेहमीचं आहे. साधी भारतीय नोट स्वस्त आणि ओव्हरप्रिंटची महाग, त्यामुळे साध्या नोटेवर खोटी ओळ छापून विकणारे असतात. खरी ओळ ओळखायला भिंग पुरतं, पण काय बघायचं ते ठाऊक हवं. खिळ्याने किंवा ब्लॉकने छापलेलं अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं. न वापरलेल्या नोटेच्या मागून बोट फिरवलं तर तो दाब लागतो. अक्षराच्या कडेला शाई जरा दाट साचलेली दिसते, कारण खिळ्याच्या दाबाने ती कडेला सरकते. आजच्या प्रिंटरचं अक्षर ठिपक्यांचं असतं किंवा वर चकाकतं.

नोट वापरलेली असेल तर तिची घडी बघा. ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. नोट आधी छापली, तिच्यावर ओळ चढली आणि मग ती बाजारात फिरली, घड्या पडल्या, असा खरा क्रम. म्हणजे घडीवर कागद झिजला तर त्याबरोबर लाल शाईही झिजायला हवी. घडीच्या रेषेत अक्षर तुटलेलं दिसायला हवं. उलट, आधीच घडी पडलेल्या जुन्या नोटेवर कुणी नंतर ओळ छापली असेल तर शाई घडीच्या खाचेत उतरलेली असते आणि झिजलेल्या कागदावर अक्षर ताजं, अखंड दिसतं. कागद म्हातारा आणि शाई तरुण असं दिसलं की नोट परत ठेवावी. ऐंशी वर्षांपूर्वी कुणा मजुराने ती कमरेला खोचून नेली असेल तर त्याचा घाम लाल अक्षरांनाही लागलेला असला पाहिजे.

लष्करी प्रशासन गेलं, मुलकी सरकार आलं, तरी ब्रह्मदेशाच्या स्वतःच्या नोटा अजून तयार नव्हत्या. १९४७ मध्ये रिझर्व्ह बँकेचा ब्रह्मदेशाशी संबंध संपला आणि बर्मा करन्सी बोर्डाने नोटांचं काम घेतलं. पुन्हा तीच भारतीय नोट, पुन्हा वर ओळ, या वेळी ‘बर्मा करन्सी बोर्ड’ अशी. पोस्टाच्या तिकिटांनीही हाच प्रवास केला: १९३७ ला भारतीय तिकिटावर ‘बर्मा’, १९४५ ला ब्रह्मदेशाच्या तिकिटावर लष्करी प्रशासनाची अक्षरं, १९४७ ला हंगामी सरकारचं नाव. दहा वर्षांत देशाचा मालक कितीदा बदलला ते तिकिटांच्या अल्बमचं एक पान उलटलं की कळतं.

नाशिकच्या छापखान्याला ही सवय पुढच्याच वर्षी पुन्हा उपयोगी पडली. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे नोटांचा छापखाना नव्हता. १ एप्रिल १९४८ पासून तिथे ज्या नोटा आल्या त्या नाशिकरोडच्याच होत्या, त्यांवर वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. १ जुलै १९४८ ला कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान उघडली तेव्हा तिथल्या बाजारात देशमुखांच्या सहीच्या नोटा चालत होत्या. एकाच माणसाची सही, तीन देशांच्या चलनावर. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला हे आलं, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. त्याच्या पहिल्या स्वतःच्या एक रुपयाच्या नोटेवर ना राजा होता, ना वरून चढवलेली ओळ. मोर होता. चलनाचं नाव मात्र रुपयाच राहिलं, ते १ जुलै १९५२ पर्यंत. त्या दिवसापासून एका रुपयाला एक, या भावाने क्यात आला.